कोवळं, हुरड्यावरचं की निबर? मक्याच्या कणसाविषयी वाचकांचे प्रश्न

सोलापुरात लक्ष्मी मंडईबाहेर आणि विजापूर रस्त्याच्या कडेला पोत्यांवर कणसांचे ढीग लागले, की या सदराच्या टपालातही मका शिरतो. यंदाची बरीच पत्रं शिजवण्याआधीच्या तयारीविषयी आहेत, म्हणून या अंकात बाकीचे विषय बाजूला ठेवले आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढच्या उत्तरांत ती सारखी येणार आहे. किती शिट्ट्या, सुरी की अंगठा, भाजायचं की उकडायचं, हे सगळं दाणा कोणत्या अवस्थेत आहे त्यावर ठरतं, आणि ते ओळखायला नख पुरतं. कणसाच्या मधल्या भागातल्या दाण्यात नख रुतवा. पाण्यासारखा पातळ रस आला तर कणीस कच्चं. दुधासारखा चीक उडाला तर कोवळं, खायला सगळ्यात चांगलं. नखाला पिठूळ लगदा लागला तर हुरड्यावर आलेलं. नख रुततच नसेल तर निबर.

प्रश्न : गाड्यावरचं उकडलेलं कणीस मऊ आणि रसदार असतं. घरी मात्र कधी चार शिट्ट्या करूनही दाणे चिवट राहतात, तर कधी त्याच चार शिट्ट्यांत पार गाळ होतो. पाण्यात आधी मीठ घातलं की दाणे कडक होतात, असं सासूबाई म्हणतात. नेमकं काय चुकतं? (एक गृहिणी, जुळे सोलापूर)

उत्तर : चार शिट्ट्या हाच घोळ आहे. मंडईत एकाच पाटीत दोन तऱ्हेची कणसं येतात, एक स्वीट कॉर्न आणि दुसरा आपला नेहमीचा मका, ज्याला आपण गावरान म्हणतो. स्वीट कॉर्नच्या दाण्यात साखर आणि पाणी जास्त, स्टार्च कमी. त्याला शिजवायचं असं फार काही नसतंच. नेहमीच्या मक्यात स्टार्च भरपूर, आणि तो फुलायला पाणी आणि वेळ दोन्ही लागतं. दोघांना सारख्याच शिट्ट्या दिल्या, की एकाचा गाळ होणार आणि दुसरा चिवट राहणार.

अंदाज असा धरा. स्वीट कॉर्न सोलून उकळत्या पाण्यात टाका आणि 5 ते 6 मिनिटांत बाहेर काढा. कुकरच वापरायचा असेल तर एक शिट्टी बास. नेहमीचा मका दुधाळ असेल तर उघड्या पातेल्यात 12 ते 15 मिनिटं किंवा कुकरला 2 ते 3 शिट्ट्या. हुरड्यावर आलेला असेल तर 4 ते 5 शिट्ट्या, मग गॅस बारीक करून आणखी 10 मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्या. नख न रुतणारं निबर कणीस उकडण्याच्या भानगडीत पडू नका. ते वाळवून दळायला टाकावं. कणसं पूर्ण बुडतील एवढं पाणी हवं. अर्धं वर राहिलेलं कणीस वरच्या बाजूला कच्चंच निघतं.

आता मिठाचं. सासूबाईंचं म्हणणं अगदीच निराधार नाही, पण खरा हात मिठापेक्षा पाण्याचा असतो. बोअरच्या कठीण पाण्यात कॅल्शियम असतं. ते दाण्याच्या सालीतल्या पेक्टिनला धरून बसतं आणि साल मऊ पडू देत नाही. पाणी तापवायच्या पातेल्याच्या तळाशी तुमच्याकडे पांढरा थर धरत असेल, तर कणसं त्या पाण्यात उकडू नका. फिल्टरचं पाणी घ्या. खड्याच्या अशुद्ध मिठातही थोडे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात, म्हणून जुन्या बायकांचा तो अनुभव. पाच मिनिटांच्या उकळीत याचा फरक कळत नाही, अर्ध्या तासाच्या शिजण्यात कळतो. शिवाय एवढ्या थोड्या वेळात मीठ दाण्याच्या आत शिरतही नाही. म्हणून मीठ नंतर लावावं: 1 लिटर गरम पाण्यात 2 सपाट मोठे चमचे मीठ विरघळवायचं आणि शिजलेली कणसं त्यात 10 मिनिटं ठेवायची. गाड्यावरचं कणीस चवीला बरं लागतं ते यामुळेच, कारण ते गिऱ्हाईक येईपर्यंत खारट गरम पाण्यात पडून असतं. कोरड्या ताटात काढून ठेवलं की आतली वाफ निघून जाते आणि दाण्यांवर खळगे पडतात.

साल मऊ व्हावी म्हणून खायचा सोडा घालू नका. साल सुटते हे खरं, पण चव साबणासारखी होते आणि ब-1 जीवनसत्त्व जातं.

प्रश्न : कणीस सोलताना केस काही केल्या निघत नाहीत. दाण्यांच्या फटीत अडकतात, धुतले तरी राहतात, मुलं खाताना तोंड वाकडं करतात. सोपा उपाय सांगा. (होटगी रोडवरून एक ताई)

उत्तर : एकेक पान सोलत बसल्यानं केस तुटतात आणि फटीत राहतात. पानं आणि केस एकदम ओढायचे असतात. कणीस डाव्या हातात देठाकडून धरा. शेंड्याची पानं थोडी सैल करून दाण्यांचं टोक दिसेल एवढं उघडा. आता पानांचा निम्मा जुडगा आणि त्या बाजूचे सगळे केस एका मुठीत घट्ट धरून देठापर्यंत एका झटक्यात खाली ओढा. उरलेल्या निम्म्याचं तसंच. मग देठासकट पानं मोडून टाका. निम्म्याहून जास्त केस पानांबरोबरच जातात. उरलेल्यांसाठी ओला करून पिळलेला सुती फडका कणसाभोवती गुंडाळून, शेंड्याकडून देठाकडे पिळल्यासारखा फिरवत आणा. मऊ केसांचा नवा टूथब्रशही चालतो. तो आडवा मारू नका, ओळींच्या लांबीनंच फिरवा. नळाखाली धरण्यापेक्षा फडका बरा, कारण ओले केस दाण्याला चिकटून बसतात. पाणी एक दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येणाऱ्या घरात तेवढीच बचत.

सोललेले केस कोरडे असतानाच गोळा करा. सिंकमध्ये गेले, की जाळीत गुंता होऊन बसतात.

घरात मायक्रोवेव्ह असेल तर याहून सोपी रीत आहे. कणीस सोलू नका. देठाकडून, दाण्यांची पहिली पूर्ण रांग गोल कापली जाईल असं, जाड सुरीनं काप घ्या. 800 वॅटवर एका कणसाला 3 ते 4 मिनिटं, दोन असतील तर 6 मिनिटांच्या आसपास. दोन मिनिटं तसंच राहू द्या, वाफ भयंकर असते. मग जाड कापड हाताला घेऊन केसांच्या बाजूनं धरा आणि दाबत खाली हिसका द्या. कणीस कापलेल्या तोंडातून घसरून बाहेर येतं आणि केस पानांतच राहतात. घसरत नसेल तर तुमचा काप फार वर, देठातच झाला आहे. बोटभर पुढे कापा.

प्रश्न : मंडईत कणसं सोलून पाहू देत नाहीत. घरी आल्यावर निम्म्या कणसांत दाणेच नसतात, मधेमधे बोळकं. हा रोग असतो का? न सोलता चांगलं कणीस कसं ओळखायचं? (एक निवृत्त शिक्षक, बाळे)

उत्तर : सर, विक्रेत्याचंही बरोबर आहे. सोललेलं कणीस दुपारपर्यंत सुकतं आणि मग कुणीच घेत नाही.

बोळकं हा रोग नाही. कणसातला प्रत्येक केस एकेका दाण्याचा असतो. वरच्या तुऱ्यातला पराग त्या केसावर पडला, की त्याच्या बुडाशी दाणा भरतो. पराग न पोहोचलेल्या केसाची जागा रिकामी राहते. फुलोऱ्याच्या दिवसांत 35 अंशांच्या वर ऊन तापलं किंवा पाण्याचा ताण पडला, की पराग मरतो आणि केस वाळतात. उन्हाळी मक्यात आपल्याकडे बोळकी कणसं जास्त का, याचं उत्तर यातच आलं. मोठा पाऊस लागून राहिला तरी तेच होतं. जे दाणे भरलेत ते खायला चांगले असतात. (मक्याच्या ओळींची संख्या नेहमी सम असते, 12, 14, 16 अशी. नातवंडांना मोजायला द्या, तेवढा वेळ स्वयंपाकघरात शांतता.)

न सोलता ओळखायचं ते तीन जागी. केस: बाहेर लोंबणारे तपकिरी आणि सुकलेले, पण पानांच्या आत शिरतात तिथे अजून ओलसर हवेत. सगळे फिकट पिवळे-हिरवे आणि ताजे असतील तर दाणे भरलेले नसतात. काळे पडून चिकट झाले असतील तर कणीस शिळं. देठ: कापलेली जागा पांढरट आणि ओली हवी. तपकिरी आणि कोरडी असेल तर काढून दोन-तीन दिवस झाले. शेंडा: पानांवरूनच अंगठा दाबत देठाकडून टोकापर्यंत न्या. दाण्यांच्या गोट्या हाताला लागतात, बोळक्या जागी अंगठा आत जातो. टोक बोथट आणि भरलेलं लागलं तर घ्या, निमुळतं आणि पोकळ लागलं तर ठेवा. पानं हिरवी असणं एवढ्यावर भुलू नका. पाणी मारून ती हिरवी ठेवता येतात, देठ ठेवता येत नाही.

प्रश्न : आठवड्याचा बाजार एकदाच होतो. रविवारी आणलेली कणसं गुरुवारपर्यंत बेचव होतात. सोलून डब्यात ठेवावीत की तशीच? फ्रीजरमध्ये टिकतात का? (नोकरदार दांपत्य, सात रस्ता)

उत्तर : तशीच ठेवा, पानांसकट. पानं म्हणजे कणसाचं स्वतःचं वेष्टन. ती काढली, की दाण्यातलं पाणी उडायला लागतं. बाहेरची एक-दोन वाळकी पानं आणि लांब देठ काढा, पण धुऊ नका. भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजच्या सगळ्यात थंड कप्प्यात ठेवा. भाज्यांचा खालचा ड्रॉवर त्या मानानं उबदार असतो.

चव जाते ती अशी. कणीस झाडावरून मोडलं तरी दाण्याचं काम थांबत नाही, साखरेचा स्टार्च होत राहतो. साध्या जातीच्या स्वीट कॉर्नमध्ये 30 अंश सेल्सिअसला एका दिवसात निम्म्याहून जास्त साखर अशी जाऊ शकते. 0 अंशाला तेवढ्याच वेळात जेमतेम 6 टक्के. सोलापूरच्या उन्हात ओट्यावर ठेवलेलं कणीस संध्याकाळपर्यंत पिठूळ का लागतं, ते यावरून कळेल. हल्लीच्या जास्त गोड संकरित जातींत हा बदल बराच सावकाश होतो. त्या फ्रीजमध्ये 4 ते 5 दिवस बऱ्या राहतात. नेहमीचा मका मात्र दोन दिवसांत संपवा. रविवारची कणसं गुरुवारी खायची असतील तर रविवारीच 3 मिनिटं उकळून, गार करून, बंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. उकळीनं दाण्यातली विकरं (हा बदल घडवणारी एन्झाइम्स) मरतात आणि साखर आहे तिथे थांबते.

फ्रीजरमध्ये टिकतात, पण कच्ची टाकू नका. त्याच विकरांमुळे महिन्याभरात गवतासारखा वास येतो. सोललेली अख्खी कणसं उकळत्या पाण्यात 4 मिनिटं ठेवा. वेळ पाणी पुन्हा उकळायला लागल्यावर मोजायचा. लगेच बर्फाच्या पाण्यात तेवढाच वेळ. मग दाणे कापा, फडक्यावर पसरून पूर्ण कोरडे करा, ताटात एकेरी थर देऊन तासभर फ्रीजरला लावा, आणि सुटे झाल्यावर पिशवीत भरून हवा दाबून काढा. ओले भरलेत तर एकच दगड होईल. वीज जात-येत असणाऱ्या घरात दोन-तीन महिन्यांत संपवावेत. काढल्यावर वितळवत बसू नका, गोठलेलेच फोडणीत टाका.

प्रश्न : कणसाच्या टोकाला अळी निघाली. बाकीचं खावं का? एका कणसाच्या दाण्यांवर गुलाबी बुरशीही होती. (वाचक, अक्कलकोट रोड)

उत्तर : अळी आणि बुरशी यांचा हिशेब वेगवेगळा करा.

अळी बहुतेक वेळा केसांतून आत शिरते, म्हणून टोकालाच सापडते. ती घाटे अळी असेल किंवा लष्करी अळी. ही लष्करी अळी भारतात पहिल्यांदा 2018 मध्ये कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातल्या मक्यावरही आली. खाणाऱ्याला तिचा अपाय नाही. पोखरलेला भाग, त्यातला ओला भुसा आणि त्याच्या खालचे दोन बोटं चांगले दाणे कापून टाका. उरलेलं कणीस मिठाच्या पाण्यात 10 मिनिटं ठेवा, म्हणजे लपलेली बारीक अळी सुटून वर येते. मग नेहमीसारखं शिजवा.

बुरशी आली तर अख्खं कणीस फेका. गुलाबी, हिरवट-पिवळी, काळी, कुठलीही असो. अळीनं पोखरलेल्या वाटेनं ती आत बुरकुंडापर्यंत, म्हणजे दाणे बसलेल्या मधल्या दांड्यापर्यंत जाते, वरचे चार दाणे काढून भागत नाही. हिरवट-पिवळ्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं आणि ते उकळून किंवा भाजून जात नाही. असं कणीस म्हशीपुढेही टाकू नये, विष दुधात उतरतं. दाण्यांच्या जागी फुगलेल्या राखाडी गाठी असतील, आत काळी पूड, तर ती काणी. तीही फेकाच.

प्रश्न : गड्ड्याच्या जत्रेत भाजक्या कणसांचा गाडा लावायचा आहे. घरी करून पाहिलं तर दाणे तडतडून अंगावर उडतात, बाहेरून काळं आणि आतून कच्चं राहतं. स्वीट कॉर्न घ्यावं की गावरान? (एक तरुण, विजापूर वेस)

उत्तर : भाजायला गावरान, आणि तेही दुधाळ आणि हुरडा यांच्या मधलं: नख रुतल्यावर चीक येतो, पण घट्ट. स्वीट कॉर्नच्या दाण्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं. ते भाजलं जाण्याऐवजी आतल्या आत उकडतं, आणि वरची साखर लवकर जळून कडवट डाग पडतात. गिऱ्हाइकाला तेच हवं असेल तर आधी 3 मिनिटं उकळून कोरडं करा आणि निखाऱ्यावर फक्त रंग आणा.

काळं आणि कच्चं हा जाळाचा दोष आहे. कोळसा पेटून ज्वाळा बसल्या पाहिजेत, वर राखेची पांढरी साय आली पाहिजे. तोवर कणीस लावू नका. जाळी निखाऱ्यापासून चार बोटं वर ठेवा. पंखा सुरुवातीलाच मारायचा, कणीस वर असताना तो फक्त अधूनमधून, नाहीतर ठिणग्या आणि राख दाण्यांवर बसते. दर 20 ते 30 सेकंदांनी पाव वळण द्या. 6 ते 8 मिनिटांत कणीस होतं. गॅसवर थेट ठेवलं तर मध्यम आचेवर 8 ते 10.

दाणा उडतो कारण त्याची साल बंद असते आणि आत वाफ कोंडते. वरची साल सुकून ताणलेली, आतलं पाणी उकळलेलं, मग फट्. जास्त निबर दाणा जास्त उडतो, कारण त्याची साल जाड. आतली दोन-तीन कोवळी पानं तशीच ठेवून आधी 4 मिनिटं भाजा, मग पानं मागे ओढून शेवटची 3-4 मिनिटं उघडं भाजा. मागे ओढलेली पानं वळून बांधली, की धरायला दांडीही होते. पानं पेट घेत असतील तर कणसं आधी 20 मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा. उघडं भाजताना एकदा मिठाच्या पाण्याचा हात फिरवला तरी तडतड कमी होते.

लिंबू-मीठ-तिखट उतरवल्यावर लगेच, कणीस चटका देत असताना चोळायचं, तेव्हाच ते धरतं. मात्र मीठ-तिखटाच्या एकाच वाटीत सगळ्यांची उष्टी-ओली लिंबं बुडवायची पद्धत सोडा. संध्याकाळपर्यंत त्या वाटीत राख, केस आणि चिखल झालेला असतो. वाटीत चमचा ठेवा, लिंबाच्या फोडीवर वरून घाला. आणि सोलापुरात गाडा लावताय तर शेंगदाण्याची चटणी ठेवाच. ती कणीस निखाऱ्यावर असताना लावू नका, त्यातला लसूण आणि तिखट जळून ठसका बसतो. उतरवून, लिंबू चोळून, त्या ओल्याव्यावर चटणी दाबायची.

प्रश्न : गणपतीत मंडळाच्या प्रसादाला 50 माणसांसाठी मक्याच्या दाण्यांची चटपटी करायची आहे. कणसं किती आणायची आणि एवढे दाणे काढायचे कसे? (महिला मंडळाच्या कार्यकर्त्या, अशोक चौक)

उत्तर : मध्यम स्वीट कॉर्न पानांसकट साधारण 250 ते 300 ग्रॅम भरतं, दाणे निघतात 100 ते 120 ग्रॅम. माणशी 75 ग्रॅम धरलं तर पावणेचार किलो दाणे, म्हणजे 35 कणसं. अळीची, बोळकी अशी धरून 40 आणा.

स्वीट कॉर्नला सुरी लागते. देठाची बाजू सपाट कापून कणीस परातीत उभं करा, म्हणजे घसरत नाही. धारदार सुरी वरून खाली, दाण्याच्या दोन तृतीयांश खोलीवर. अगदी बुडाशी गेलात तर बुरकुंडावरचे कोंड्यासारखे कडक पापुद्रे दाण्यांत येतात आणि खाणारे दात कोरत बसतात. दाणे काढून झाले, की सुरीची पाठ एकदा फिरवा. राहिलेला गर आणि दूध निघतं, ते चटपटीत नको, पण घरी आमटीला घ्या. विळीवर कणीस धरू नका. गोल वस्तू पात्यावर फिरते आणि बोट जातं.

दुधाळ-हुरड्यावरच्या गावरान कणसाला अंगठा पुरतो. सुरीच्या टोकानं किंवा चमच्याच्या दांड्यानं एक उभी ओळ उकरून काढा. आता शेजारच्या ओळीला त्या मोकळ्या जागेकडे अंगठ्यानं ढकला. दाणे बुडखासकट अख्खे सुटतात. पहिली ओळ त्रासाची, पुढचं कणीस दोन मिनिटांचं. चार बायका बसल्या तर तासाभरात काम होतं, गप्पा धरून.

दाणे पाण्यात उकळू नका, चव पाण्यात जाते. चाळणीत दोन बोटांचा थर देऊन 6 ते 8 मिनिटं वाफवा, चार-पाच खेपांत. वाफवलेले दाणे एका मोठ्या पातेल्यात ढीग करून झाकायचे नाहीत. मधली ऊब तासनतास राहते आणि आरतीपर्यंत आंबूस वास सुटतो. स्वच्छ कापडावर पसरा, कांदा-लिंबू-मीठ वाटपाच्या वेळीच घाला. मीठ आधी घातलं तर तळाला पाणी साचतं.

उरलेली बुरकुंडं टाकू नका. चार बुरकुंडं मोडून चार वाट्या पाण्यात 20 ते 25 मिनिटं मंद उकळली, की गोडसर पाणी मिळतं. सूपला किंवा कढणाला याच्यासारखं दुसरं नाही.

प्रश्न : वडिलांना कवळी आहे, मक्याची साल चावत नाही आणि कवळीखाली अडकते. पण कणीस तर आवडतं. (वाचक, नवी पेठ)

उत्तर : साल कणसावरच ठेवून गर काढता येतो. कोवळं कणीस घ्या. टोकदार सुरीनं दाण्यांच्या प्रत्येक ओळीवर मधोमध उभी चीर द्या, फक्त साल फाटेल एवढी. सगळ्या ओळी चिरून झाल्या, की ताटात आडवं धरून सुरीच्या पाठीनं जोर देत ओरपा. दाट पांढरा-पिवळा गर खाली येतो, साल बुरकुंडाला चिकटून राहते. चार मध्यम कणसांचा साधारण दीड वाटी. किसणीनं काम लवकर होतं, पण थोडी साल येते.

दोन चमचे तुपात जिरं, हिंग, एक ठेचलेली मिरची, मग गर आणि अर्धी वाटी दूध. मंद आचेवर 8 ते 10 मिनिटं, हात न थांबवता, कारण स्टार्च तळाला धरतो. स्वीट कॉर्नचा गर सैल राहतो, त्याला आणखी चार मिनिटं द्या. गावरानचा लगेच घट्ट होतो, त्याला दूध वाढवा. मीठ आणि ओलं खोबरं शेवटी.

प्रश्न : शेंगदाण्याच्या कुटाच्या आमटीत कणसाचे तुकडे घालायचे असतात, पण कच्चं कणीस कापताना सुरी अडकते. (गृहिणी, केगाव)

उत्तर : आधी अख्खं 3 मिनिटं उकळा, बुरकुंड थोडं नरम पडतं. मग जड सुरी दोन दाण्यांच्या मधल्या फटीत बसवा आणि पाठीवर लाटण्यानं एक ठोका द्या. दाबून कापायला गेलात तर सुरी सरकते. दीड इंचाचे तुकडे करा, त्याहून लहान केले तर कडेचे दाणे रश्श्यात गळतात. काळा मसाला आणि कूट घातलेल्या आमटीला उकळी आल्यावर तुकडे घाला. स्वीट कॉर्न असेल तर शेवटची 5 मिनिटं पुरे. गावरान आधीच कुकरला काढलेलं हवं, कारण कूट घातल्यावर आमटी तळाला लागते, तासभर उकळत ठेवता येत नाही.

प्रश्न : नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या फुटतात, तसे स्वीट कॉर्नचे दाणे वाळवून पॉपकॉर्न होतील का? (आठवीतला विद्यार्थी, सोलापूर)

उत्तर : नाही. पॉपकॉर्नचा मका वेगळ्याच प्रकारचा असतो. त्याची साल फार कडक, आत घट्ट स्टार्च आणि 13 ते 14 टक्के ओल. साधारण 180 अंशांना आतली वाफ एकदम साल फोडते आणि स्टार्च फुलतो. स्वीट कॉर्नचा दाणा वाळला, की स्टार्च कमी असल्यामुळे सुरकुतून चपटा होतो. तो तव्यावर टाकलास तर करपेल, फुटणार नाही. पॉपकॉर्नचे दाणे किराणा दुकानात सुटे मिळतात. कढईवर झाकण घट्ट ठेव आणि आईला शेजारी उभं राहायला सांग.